ग्रीक तलवार आणि चिलखत: पोशाख उत्तम, मूठ कच्ची

बेळगावातील आमच्या नाट्यमंडळासाठी प्राचीन ग्रीक योद्ध्याची तलवार, चिलखत आणि शिरस्त्राण यांच्या प्रतिकृती एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवल्या. तलवार ‘झिफोस’ धर्तीची, म्हणजे दुधारी, आखूड आणि टोकाच्या अलीकडे पानासारखी रुंदावणारी आहे; पाते सुमारे 55 सेंमी असून कडा बोथट ठेवल्या आहेत, हे तालमीच्या दृष्टीने योग्यच. ग्रीक पायदळाचे मुख्य शस्त्र भाला होते आणि तो मोडल्यावर तलवार उपसली जाई, त्यामुळे तिचा आखूडपणा खटकू नये. मूठ मात्र साफ निराश करते: पात्याचा मुठीत शिरणारा भाग जेमतेम बोटभर असून तो वेल्डिंगने जोडलेला असल्यामुळे दोन तलवारी एकमेकींवर आदळताच मूठ खुळखुळू लागते.

चिलखत अधिक विचारपूर्वक घडवलेले आहे. छाती व पाठ अशा दोन पत्र्यांवर स्नायूंचे उठाव काढलेले असून खांद्यांवर आणि बगलेखाली चामडी पट्टे आहेत, त्यामुळे ते कृश आणि धिप्पाड अशा दोन्ही नटांना बसते. पत्रा काशाचा नसून पितळी मुलाम्याचा पोलादी आहे. आमच्याकडच्या पावसाळ्यात रिव्हेटांभोवती लगेच गंज धरतो, म्हणून तेलाचा हात फिरवत राहावे लागते. कॉरिंथियन (चेहरा जवळपास पूर्ण झाकणाऱ्या ग्रीक धर्तीच्या) शिरस्त्राणाला आतून अस्तर नाही आणि कान पूर्ण झाकले जात असल्याने नटाला प्रॉम्प्टरचा आवाजच पोहोचत नाही (मूळ सैनिकांना सेनापतीचा तरी कितपत ऐकू येत असेल, कोण जाणे).

विक्रेत्याने मूठ बदलून देण्यास नकार दिला. अखेर खानापूरच्या एका लोहाराने मुठीच्या टोकापर्यंत जाणारी सळी बसवून दिली.