हॉर्स ग्रिमेस स्केल: दुखणं ओळखायला उत्तम, मूड ओळखायला नाही

घोडा दुखणं लपवतो. तो लंगडताना किंवा जमिनीवर लोळताना दिसेपर्यंत बराच वेळ गेलेला असतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेली हॉर्स ग्रिमेस स्केल ही चेहऱ्यावरून दुखणं ओळखायची मोजपट्टी त्याआधीच्या वेळेसाठी आहे. खच्चीकरणाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या घोड्यांचे चेहरे अभ्यासून ती बनवली आणि नंतर खुरांच्या तीव्र दाहासाठीही वापरली गेली.

चेहऱ्यावरच्या सहा गोष्टी पाहायच्या: ताठ मागे गेलेले कान, आवळलेल्या पापण्या, डोळ्यावरच्या भागातला ताण, उठून दिसणारे जबड्याचे स्नायू, घट्ट मिटलेलं तोंड व टोकदार झालेली हनुवटी, आणि ताणलेल्या नाकपुड्या. प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण, एकूण १२. सोबतच्या फोटोंमुळे शिकायला सोपी आहे, आणि हेच तिचं मोठं बळ. रोज खरारा करणारा मोतद्दारही ती वापरू शकतो.

पण घाई केली की चुकते. कानांचंच घ्या. मागचा आवाज ऐकणाऱ्या घोड्याचे कानही मागे जातात, पण ते सैल असतात, फिरत राहतात. दुखणाऱ्या घोड्याचे कान तिथेच अडकून बसतात आणि दोन्ही कानांमधलं अंतर वाढलेलं दिसतं. पापण्यांचा घोळ तर फारच होतो: डुलकी घेणाऱ्या घोड्याचेही डोळे अर्धे मिटलेले असतात, मात्र खालचा ओठ लोंबतो आणि एक मागचा पाय वजन न देता नुसता टेकवलेला असतो. दुखण्यात ओठ आवळलेला राहतो. म्हणून झोपाळलेल्या, चारा चघळणाऱ्या किंवा नुकतंच गुंगीचं औषध दिलेल्या घोड्याला गुण देऊच नयेत. काळ्या घोड्याचा अंधारातला फोटोही उपयोगाचा नाही, डोळ्यावरची घडी त्यात दिसतच नाही.

फोटो बाजूने, डोळ्याच्या उंचीवरून घ्यावा. माणूस समोर आला की घोडा सावध होतो आणि चेहरा बदलतो, त्यामुळे थोडं लांब थांबून काही मिनिटं पाहावं. घोडा ठणठणीत असतानाचे गुण आधीच लिहून ठेवावेत. काही घोड्यांचा चेहरा मुळातच ताणलेला दिसतो, आणि ही नोंद नसेल तर नंतरचा आकडा कशाशी ताडून पाहणार?

भीती, चीड, कंटाळा यासाठी ही मोजपट्टी नाही. घाबरलेल्या घोड्याच्याही डोळ्यावर ताण येतो आणि नाकपुड्या फुलतात. तिथे मान किती वर आहे, शेपटी दाबलेली आहे का, वजन मागच्या पायांवर गेलंय का, हे पाहावं लागतं. स्वार बसलेल्या घोड्यावरही ही वापरू नये. त्यासाठी २४ वर्तनांची वेगळी यादी आहे. तिच्यातली ८ किंवा जास्त वर्तनं दिसली तर दुखणं असण्याची शक्यता मोठी. तेव्हा खोगीर उतरवून पशुवैद्याला बोलवावं.