सोलर पॅनलचा स्टँड: वेल्डिंगचा अँगल की नट-बोल्टचं जीआय चॅनल?

गच्चीवर पॅनलचा स्टँड स्वतः करून घ्यायचा म्हटलं की नाशकात पहिला सल्ला मिळतो तो एमएस अँगलचा, म्हणजे साध्या लोखंडी अँगलचा. त्यात गैर काही नाही. द्राक्षबागांचे मांडव करून करून इथल्या फॅब्रिकेटरचा हात अँगलवर बसलेला आहे. मीही २०१९ साली पहिल्या चार पॅनलसाठी वेल्डिंगचाच स्टँड केला. २०२३ मध्ये आणखी सहा पॅनल घेतली, तेव्हा मात्र जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेलं लोखंडी चॅनल आणून घरीच पाने घेऊन नट-बोल्टने जोडलं. आज दोन्ही स्टँड सिडकोतल्या एकाच गच्चीवर शेजारी-शेजारी उभे आहेत.

आधी अँगलची बाजू. पॅनल सात-आठ फूट उंच न्यायची आणि खाली कुरडया-पापड वाळवायला जागा ठेवायची असेल, तर वेल्डिंगचा सांगाडा मला जास्त भरवशाचा वाटतो. शिवाय कोब्याला उतार असतो, दोन पाय कधी सारख्या उंचीचे येत नाहीत. वेल्डर जागेवरच पाय कापून लेव्हल जुळवतो. जीआयला मला बेसप्लेटखाली पत्र्याच्या पट्ट्या घालाव्या लागल्या, अर्धा रविवार त्यातच गेला. खर्चही जीआयला पॅनलमागे साधारण दीडपट आला. तुमच्याकडे फरक कमी-जास्त असू शकतो.

आता ज्या एका गोष्टीने माझा निर्णय झाला, ती सांगतो. अँगलला गंज चढतो हे सगळ्यांनाच माहीत असतं, रंग दिला की झालं असं मीही धरून चाललो होतो. पण गंज नेमका कुठून सुरू होतो? पॅनलची फ्रेम अँगलवर जिथे टेकते, त्या फटीतून. तिथे पावसाचं पाणी आणि धूळ साचते, दोन-दोन दिवस ओल सुटत नाही, आणि ब्रश पोचत नाही तो नेमका तिथेच. बाहेरून सांगाडा चकचकीत दिसत होता आणि फटीतून तांबडे ओघळ कोब्यावर उतरत होते.

म्हणजे रंग द्यायचा तर पॅनल उतरवायची. आधी आयसोलेटर, म्हणजे पॅनलची वीज तोडणारा स्विच, बंद करायचा, मग कनेक्टर सोडवायचे. एकेक पॅनल बावीस किलोच्या आसपास, ते दोघांनी धरून कठड्याला टेकवायचं आणि वारा सुटला तर एकाने धरूनच बसायचं. मग वायर ब्रश, पॉलिश पेपर, रेड ऑक्साइड, वर रंगाचे दोन हात, आणि वाळेपर्यंत थांबायचं. २०२१ च्या मे महिन्यात हे केलं, २०२३ मध्ये पुन्हा. दुसऱ्या खेपेला गंजलेले बोल्ट सुटेनात, ग्राइंडरने कापावे लागले, काचेपासून दोन इंचांवर ठिणग्या उडत होत्या. त्या दुपारी मी ठरवलं की पुढचा स्टँड असा करायचा नाही.

माझे साडू पिंपळगावला द्राक्षं करतात. ते म्हणाले, "आमचे अँगल पंधरा वर्षं बागेत उभे आहेत, त्यांना कुठं काय झालंय?" खरं आहे. पण बागेतला अँगल चारही बाजूंनी उघडा असतो. पाऊस पडला की वाळतो, आणि ब्रश हवा तिथे जातो. त्याच्या डोक्यावर कोणी काचेचं झाकण ठेवलेलं नसतं.

जीआयमध्ये मात्र माल पाहून घ्या. हॉट डिप, म्हणजे तयार झाल्यावर वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं चॅनल, आणि नुसता जीपी पत्रा (आधीच जस्ताचा पातळ थर दिलेला) वाकवून केलेलं चॅनल, दुकानात दोन्हींना जीआयच म्हणतात. हॉट डिपचा जस्ताचा थर साधारण ८० मायक्रॉनचा मागावा. जीपीचा त्याच्या कितीतरी पट पातळ असतो. कापलेल्या टोकांना झिंकचा रंग लगेच लावायचा. पॅनलची फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची असते, तिचं जस्ताशी बऱ्यापैकी जमतं. उघड्या लोखंडाशी ओल्यात चिकटून राहिली तर फ्रेमवर पांढरी भुकटी धरते. बोल्ट स्टेनलेसचे घेतलेत तर थोडं ग्रीस लावून हळू आवळा, नाहीतर नट मध्येच जाम होतो. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, सगळे नट तपासावे लागतात, पण ते काम पॅनल जागेवर ठेवून तासाभरात होतं.

आणखी एक फायदा मला नंतर कळला. वेल्डिंगच्या स्टँडवर भोकं जुन्या पॅनलच्या मापाची आहेत. उद्या एक पॅनल फुटलं तर त्याच मापाचं मिळेलच असं नाही. चॅनलवर क्लॅम्प सरकवले की काम होतं. तिरकसपणाही बदलता येतो. नाशिक २० अंश अक्षांशावर आहे, तेवढाच कोन दक्षिणेकडे ठेवतात. मी मागचे पाय उतरवून पंधरावर आणला, वाऱ्याची ओढ कमी व्हावी म्हणून. उत्पादनात मला तरी फरक जाणवला नाही.

वाऱ्याचं म्हणाल तर भारतीय मानकात नाशिकसाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. त्यापुढे दोन्ही स्टँड टिकतात ते पायांवर. कोब्यात ड्रिल मारून गळतीला वाट करून देऊ नका, काँक्रीटचे ठोकळे ओता. उंच स्टँड असेल तर ठोकळ्यांचं वजन इंजिनिअरला विचारूनच ठरवा.

पीएम सूर्यघर या केंद्राच्या योजनेचं अनुदान हवं असेल तर बसवणारा नोंदणीकृत विक्रेताच लागतो. पण स्टँड कशाचा हवा ते त्याला आधीच सांगता येतं, वरचा फरक आपण द्यायचा.

आणि उंचीसाठी अँगलच करायचा असेल, तर सांगाडा नट-बोल्टने जोडता येतील अशा तुकड्यांत वेल्ड करून घ्या आणि रंगाऐवजी हॉट डिपला पाठवा. सगळी भोकं त्याआधी पाडून घ्या. नंतर एक जरी ड्रिल मारलं तरी तिथलं लोखंड उघडं पडतं, आणि ते भोक बहुतेक पॅनलच्या खालीच असतं.