०५८० ते ९२३१: केंब्रिज बोर्डाच्या गणिताची वाट कशी आहे?

केंब्रिज बोर्डाच्या शाळेत मूल असेल, तर ‘फर्दर मॅथ्स घ्यायचं का?’ हा प्रश्न घरात बहुधा आयजीसीएसईचा (दहावीच्या पातळीच्या परीक्षेचा) निकाल लागल्यावर निघतो. तोपर्यंत त्याचं अर्धं उत्तर शाळेच्या वेळापत्रकानं देऊन टाकलेलं असतं. म्हणून या अभ्यासक्रमाकडे एकेका परीक्षेपुरतं न पाहता नववीपासून शेवटपर्यंतची एक वाट म्हणून पाहायला हवं.

आधी मत सांगतो. गणितात खरंच गोडी असलेल्या मुलासाठी ही वाट उत्तम आहे. विषय एकावर एक नीट रचलेले आहेत, प्रश्न पाठांतरावर सुटत नाहीत, आणि अभ्यासक्रमाची पुस्तिका मंडळाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. उणीव एकच, पण मोठी. प्रत्येक पुस्तिका फक्त आपल्या परीक्षेबद्दल बोलते. एका परीक्षेतला पेपर पुढच्या परीक्षेतल्या कुठल्या पेपरला लागतो, हे जोडकाम पालकांनाच करावं लागतं. ते शेवटाकडून सुरुवातीकडे करत आलं तरच जमतं.

शेवटची पायरी म्हणजे फर्दर मॅथेमॅटिक्स, साध्या गणिताच्या पुढचा वेगळा विषय, कोड ९२३१. पूर्ण ए लेव्हलला (बारावीच्या पातळीच्या परीक्षेला) चारही पेपर सक्तीचे: दोन फर्दर प्युअरचे, म्हणजे शुद्ध गणिताचे (प्रत्येकी २ तास, ७५ गुण), एक फर्दर मेकॅनिक्सचा आणि एक फर्दर स्टॅटिस्टिक्सचा (प्रत्येकी दीड तास, ५० गुण). मेकॅनिक्स नको, नुसतं स्टॅटिस्टिक्स चालेल, ही सोय इथे नाही.

आता त्याच्या खालची पायरी, साधं ए लेव्हल गणित, कोड ९७०९. यात सहा पेपर आहेत, पण द्यायचे चारच, आणि तेही दोनच ठरावीक जोड्यांत: १, ३, ४, ५ किंवा १, ३, ५, ६. पेपर १ आणि ३ प्युअरचे, ४ मेकॅनिक्सचा, ५ आणि ६ संभाव्यता व स्टॅटिस्टिक्सचे. खरी अडचण इथे आहे. फर्दरच्या मेकॅनिक्सला ९७०९ चा पेपर ४ आलेला असावा लागतो, आणि फर्दरच्या स्टॅटिस्टिक्सला पेपर ५ व ६ दोन्ही. म्हणजे फर्दर घेणाऱ्या मुलानं कुठलीही जोडी निवडली तरी एक पेपर असा उरतो, जो परीक्षेला द्यायचा नाही पण शिकायचा मात्र आहे.

बऱ्याच शाळा १, ३, ४, ५ ही जोडी देतात आणि पेपर ६ वर्गात शिकवतच नाहीत. मग फर्दर स्टॅटिस्टिक्सच्या पहिल्याच आठवड्यात मूल अडखळतं. त्याला विषय जड जातो असं नसतं, पाच प्रकरणं मधेच गळालेली असतात: पॉइसाँ वितरण, चलांची रेषीय जुळणी, सतत यादृच्छिक चलं, नमुना व अंदाज, आणि गृहीतक चाचणी. यातल्या शेवटच्या तीनांवरच फर्दरचा तो पेपर उभा आहे. टी-चाचणी शिकताना ‘पहिल्या प्रकारची चूक’ म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागली, तर वेळ पुरत नाही. एएसची, म्हणजे ए लेव्हलच्या पहिल्या टप्प्याची, परीक्षा संपल्यावरची सुट्टी या पाच प्रकरणांसाठी राखून ठेवावी.

एएसच्या वर्षी काय द्यायचं, याचं उत्तर त्यामुळे सोपं होतं: पेपर १ आणि ५. ही जोडी घेतली की पुढे मेकॅनिक्सची वाटही खुली राहते आणि दुसऱ्या स्टॅटिस्टिक्सचीही. १ आणि ४ घेतलं तर मेकॅनिक्सच्या वाटेवर बांधले जाता. फर्दर घेणाऱ्याला ते चालतं. १ आणि २ ही जोडी मात्र पुढे जाऊ इच्छिणाऱ्यानं चुकूनही घेऊ नये. पेपर २ हा पेपर ३ चाच छोटा भाग आहे, आणि त्यावरचा एएसचा निकाल ए लेव्हलमध्ये धरला जात नाही. पुढचा विचार बदलला तर पेपर १ पुन्हा द्यावा लागतो. निकाल पुढे नेण्याची मुदतही १३ महिन्यांची आहे, म्हणून ‘एक वर्ष थांबून उरलेले पेपर देऊ’ हा बेत आखण्याआधी तारखा बघाव्यात.

फर्दर कधी सुरू करावं यावर शाळांच्या दोन पद्धती दिसतात: दोन्ही विषय समांतर, नाहीतर आधी पूर्ण ए लेव्हल आणि मग फर्दर. समांतर पद्धत चालते, पण क्रम सांभाळला तरच. पेपर १ झाल्या झाल्या गणिती विगमन, मॅट्रिक्स आणि बहुपदी समीकरणाच्या मुळांमधले संबंध बिनधास्त सुरू करता येतात. श्रेणींची बेरीज अर्धीच होते, कारण फरकांच्या पद्धतीला आंशिक अपूर्णांक लागतात आणि ते पेपर ३ मध्ये आहेत. व्हेक्टरमधली प्रतलं रेषांचं समीकरण आणि बिंदू-गुणाकार आल्याशिवाय शिकवू नयेत, तेही पेपर ३ मध्येच. दुसरा फर्दर प्युअर पेपर तर पूर्ण पेपर ३ झाल्याशिवाय उघडूच नये. खंडशः इंटिग्रेशन हातात बसलेलं नसताना रिडक्शन फॉर्म्युले शिकवले, की मुलं ते पाठ करतात आणि परीक्षेत सूत्राचं रूप जरा बदललं की थांबतात.

खालच्या टोकाला आयजीसीएसई, कोड ०५८०. इथे एकच निर्णय महत्त्वाचा, पण तो पक्का घ्यावा: कोअर (सोपा स्तर) नको, एक्स्टेंडेड (वरचा स्तर) हवं. कोअरमध्ये सर्वोच्च श्रेणी सी आहे, आणि त्यात जेवढं बीजगणित आहे तेवढ्यावर ए लेव्हल पेलत नाही. २०२५ पासून एक पेपर कॅल्क्युलेटरविना आहे, हा बदल मनापासून स्वागताचा. अपूर्णांक आणि करणी हातानं सोडवणारं मूल पुढे पेपर १ मध्ये वेगळंच दिसतं.

सोबत ०६०६, म्हणजे ॲडिशनल मॅथेमॅटिक्स, मिळत असेल तर घ्यावंच. सक्तीचं नाही, पण संपूर्ण वाटेवर दिलेल्या वेळाचा सगळ्यात चांगला मोबदला इथे मिळतो. वर्गसमीकरणं, फलनं, रेडियन, त्रिकोणमिती, श्रेणी आणि कॅल्क्युलसची सुरुवात, म्हणजे पेपर १ चा बराचसा भाग इथेच होतो. वर लॉगॅरिदम आणि बहुपदींचे अवयव पेपर ३ साठी, क्रमचय-संचय पेपर ५ साठी. समांतर फर्दर घ्यायचं असेल तर अकरावीतले जे महिने हवे असतात, ते इथून मिळतात.

गुण कुठे गळतात तेही बघा. अंतिम उत्तर तीन सार्थ अंकांत द्यायचं असतं. मुलं मधल्या पायऱ्याही तीन अंकांतच लिहितात. २० सेंमी त्रिज्येच्या वर्तुळात ८ सेंमीची जीवा आहे, लहान वर्तुळखंडाचं क्षेत्रफळ काढा. केंद्रकोन ०.४०२७१६ रेडियन, त्याचा साइन ०.३९१९१८, फरकाला २०० नं गुणलं की २.१६ चौ. सेंमी. तेच ०.४०३ उणे ०.३९२ घेतलं तर २.२० येतं. पद्धत बिनचूक, उत्तर चूक. जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी असली की हे हमखास होतं. मधल्या किमती कॅल्क्युलेटरच्या मेमरीतच ठेवायची सवय पहिल्या महिन्यापासून लावावी.

दुसरी गळती मेकॅनिक्समध्ये. गणिताच्या पेपरात गुरुत्वत्वरण १० धरायचं असतं, याच मंडळाच्या भौतिकशास्त्रात ९.८१. दोन्ही विषय घेणारी मुलं हटकून गोंधळतात. तिसरी म्हणजे कॅल्क्युलेटरवरून थेट उचललेलं उत्तर. पायऱ्या दाखवल्या नाहीत तर त्याला गुण नाहीत.

जेईईचाही विचार असेल तर नुसत्या ९७०९ वर विसंबू नये. मॅट्रिक्स आणि प्रतलं फर्दरमध्ये येतात, पण परवलय, लंबवर्तुळ, अपास्त हे शंकुच्छेद दोन्हीकडे नाहीत. ते वेगळेच करावे लागतात.

शाळेला विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तासांचा आहे. मंडळ प्रत्येक ए लेव्हलसाठी सुमारे ३६० तासांचं अध्यापन धरतं. दोन वर्षांत शिकवण्याचे ६० आठवडे मिळतात असं मानलं, तर विषयाला आठवड्याचे सहा तास, दोन्ही मिळून बारा. फर्दरला आठवड्याचे दोनच तास देणारी शाळा १२० तासांत ३६० तासांचं काम मुलावर टाकते आहे. बाकीचं घरी होणार की शिकवणीत, हे आधी ठरवायला हवं. ठरत नसेल तर फर्दरचं नुसतं एएस हा चांगला पर्याय आहे. फर्दर प्युअर १ आणि मेकॅनिक्स ही जोडी घेतली तर काम १८० तासांवर येतं आणि पेपर ६ ची पाच प्रकरणंही लागत नाहीत.