रिले काढून डायोड लावले: राउटरच्या बॅकअपचा आठ महिन्यांचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात मी ऑनलाइन कामांचं सेवा केंद्र चालवतो. लाईन तासभर गेली तर लोक समजून घेतात. खरा त्रास ती क्षणभर झपकते तेव्हाचा. राउटर बंद होऊन नेट परत यायला दोन-तीन मिनिटं जातात, तोवर पीएम किसानची ई-केवायसी अर्ध्यात तुटते. निंदणं-वेचणं करून बोटांच्या रेषा झिजलेल्या आजीचा अंगठा तसाही चार वेळा लावल्यावर एकदा लागतो. "बापू, आता पुन्हा अंगठा लावा लागन का?" हे ऐकलं की फार वाईट वाटायचं.

आधी १२ व्होल्टचा रिले होता, म्हणजे विजेवर चालणारा, एका पुरवठ्यावरून दुसऱ्यावर नेणारा स्विच. अडॅप्टर बंद पडला की रिले सुटून बॅटरी जोडायची, असा बेत. तरी राउटर रिसेट व्हायचाच. कारण उशिरा समजलं: व्होल्टेज उतरू लागलं तरी रिले लगेच सुटत नाही, अगदी एक-दोन व्होल्टपर्यंतही धरून राहू शकतो. तोवर राउटर केव्हाच बंद! वर रिलेच्या आतली पत्ती एका टोकावरून दुसऱ्यावर जाताना काही मिलिसेकंद दोन्हीकडून पुरवठा नसतो. थोडी वीज साठवून ठेवणारा कपॅसिटर लावूनही पाहिला. पण राउटर १ अँपिअर ओढत असेल तर १००० मायक्रोफॅरडवर २ मिलिसेकंदांतच २ व्होल्ट उतरतात.

नोव्हेंबरात रिले काढून दोन शॉटकी डायोड (१एन५८२२) बसवले. डायोड वीज एकाच दिशेनं जाऊ देतो, आणि शॉटकी प्रकारात व्होल्टेज कमी पडतं. एकातून १२ व्होल्टचा अडॅप्टर, दुसऱ्यातून चार सेलचा लिथियम पॅक, तोही एलएम२५९६ या व्होल्टेज कमी करणाऱ्या मॉड्यूलने ११.५ व्होल्टवर आणलेला. ज्या बाजूचं व्होल्टेज जास्त, तिच्यातून पुरवठा होतो. लाईन गेली की बॅटरी आपोआप पुढे येते, मधे काही तुटतच नाही. बॅटरीची बाजू कमी ठेवायला मात्र विसरू नका. पहिल्यांदा मी तीन सेलचा पॅक थेट जोडला होता. तो पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट असतो, म्हणून लाईन असतानाही तोच उतरत राहिला.

तेव्हापासून झपक्यानं राउटर एकदाही बंद पडला नाही, मृगाच्या वादळातही नाही. डायोडवर साधारण ०.४ व्होल्ट पडतात. माझा राउटर ११.६ वर नीट चालतो, तुमचा मीटर लावून तपासा.

उन्हाळ्यात जपावं लागलं. ४५ अंशांच्या वर लिथियम सेल चार्ज करू नयेत, आणि मे महिन्यात आमच्या टिनाखाली दुपारी तेवढं सहज होतं. मी चार्जर रात्रीच लावायचो आणि पॅक माठाजवळच्या गार कोपऱ्यात ठेवायचो.

घरी इन्व्हर्टर असेल तर आधी त्याचं बटण यूपीएस मोडवर (लाईन गेल्यावर बॅटरीवर लवकर बदलणाऱ्या) करून पाहा, कदाचित एवढी खटपट लागणारही नाही.