नांदेडहून न्यूयॉर्क : मुंबईवरून जावं का हैदराबादवरून?

पोरगा न्यू जर्सीत हाय, दोनदा जाऊन आलो, एकदा मुंबईहून सरळ विमानानं अन् एकदा हैदराबादहून दुबईमार्गे, म्हणून गल्लीतले लोक आता मलाच विचारूलालेत की तिकीट कुठून काढावं.

नुसतं विमानाचं बघितलं तर मुंबईच बरी. मुंबई-न्यूयॉर्क साधारण १२,५०० किमी, १६ तासाच्या आसपास, येताना वारं पाठीमागून असतं म्हणून जरा लवकर. हैदराबाद-दुबई अडीच हजार अन् दुबई-न्यूयॉर्क ११ हजार, म्हणजे हजारेक किमी जास्त, थांबा धरून २२ तास तरी जातात.

पण आपण काय विमानतळात राहत नाही ना. मुंबईचं विमान मध्यरात्रीनंतर, अन् आपली रात्रीची गाडी पोचती पहाटे. मधला अख्खा दिवस २३-२३ किलोच्या चार बॅगा अन् बायकोचे दुखरे गुडघे घेऊन करायचं काय? भाचा डोंबिवलीला, तिकडं टॅक्सी केली, त्याच्या तिसऱ्या मजल्यावर बॅगा चढवल्या, लिफ्ट बंद, संध्याकाळी परत उतरवल्या. भाच्याची काही चूक नाही, बिचाऱ्यानं सुट्टी काढली होती. पण पोराकडं जाऊन बॅग उघडली तर कुरडयांचा पार भुगा. घरातून निघून विमान उडेपर्यंतच ३० तास गेले होते, पुढचे १६ वेगळे.

हैदराबादला जाताना संध्याकाळी सहाला दारातून गाडी निघाली. देगलूर, संगारेड्डी करत रिंग रोड धरला की शहरात शिरायचं कामच नाही, थेट शमशाबादचं विमानतळ. ३०० किमीच्या आतबाहेर, मधी चहाला थांबून सहा तास. पहाटेचं विमान, बॅगा एकदाच उतरवल्या त्या विमानतळावरच. दुबईला सामान घ्यायचं नसतं, एकाच तिकिटावर असलं की ते परस्पर न्यूयॉर्कला जातं. दुबईत चालावं मात्र बरंच लागतं, बायकोसाठी तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवली होती. अन् खरं सांगू का, चार तासानं खाली उतरून पाय मोकळे केले ते मला बरंच वाटलं, १६ तास एका जागी बसून माझे पाय सुजले होते.

आता ज्यांना दुबईत विमान बदलायची धास्ती वाटती त्यांनी मुंबई धरावी, मी नको म्हणणार नाही. मुंबईत विमानतळाजवळ हक्काचं घर असंल तर प्रश्नच मिटला. जालना-संभाजीनगरवाल्यांना मुंबईला जायला समृद्धी महामार्ग हाय, त्यांचं गणित वेगळं. पण नांदेड, देगलूर, उदगीरवाल्यांनी मुंबईकडं तोंड करायच्या आधी एकदा हैदराबादचं तिकीट बघावं, फक्त दुबईत तीन तासाच्या खालचा थांबा घेऊ नका.