जपानी मुलांना कॉर्पसवरून इंग्रजी व्याकरण : दोन सेमिस्टरनंतरचा अनुभव

जपानमधल्या एका विद्यापीठात मी पहिल्या वर्षाला इंग्रजी शिकवते. एप्रिलपासून व्याकरणाचे तास कॉर्पसवरच, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीच्या संगणकीय संग्रहांवरच घेतले. वासेदा विद्यापीठाच्या लॉरेन्स अँथनी यांचं ‘अँटकाँक’ हे कॉर्पसमध्ये शब्द शोधायचं मोफत सॉफ्टवेअर, शंभर कोटींहून जास्त शब्दांचा अमेरिकन इंग्रजीचा ‘कोका’ आणि कोबे विद्यापीठाच्या शिन इशिकावा यांनी आशियाई विद्यार्थ्यांच्या निबंधांतून उभा केलेला ‘इक्नाले’, एवढंच साहित्य.

सगळ्यात जास्त फायदा झाला तो ‘ऑलमोस्ट’च्या बाबतीत. जपानी मुलं ‘मोस्ट स्टुडंट्स’ऐवजी हमखास ‘ऑलमोस्ट स्टुडंट्स’ लिहितात, कारण ‘मोस्ट’ आणि ‘ऑलमोस्ट’ दोन्हीसाठी त्यांच्याकडे ‘होतोन्दो’ हा एकच शब्द चालतो. नियम कितीही वेळा सांगा, पुढच्या निबंधात चूक हजर. अँटकाँकमध्ये शब्द शोधला की तो जिथे जिथे आलाय त्या ओळींची यादी, म्हणजे कॉन्कॉर्डन्स, मिळते; त्या ओळी उजवीकडच्या शब्दानुसार लावल्या, तर ऑलमोस्ट ऑल, ऑलमोस्ट ऑलवेज, ऑलमोस्ट एव्हरी असे गट एकाखाली एक दिसतात. लगेच पुढे ‘स्टुडंट्स’ किंवा ‘पीपल’ असं काही सापडत नाही. मग तोच शोध इक्नालेतल्या जपानी निबंधांत घ्यायचा. तिथे सर्वांना विषय दोनच, विद्यार्थ्यांची अर्धवेळ नोकरी आणि रेस्टॉरंटमधली धूम्रपानबंदी, त्यामुळे तुलना नीट होते. आपल्याच वयाच्या मुलांची वाक्यं समोर आली की एरवी गप्प बसणारा वर्ग बोलायला लागतो. हे मला फार मोलाचं वाटतं.

नुसत्या आकड्यांवर मात्र जाऊ नका. ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ लागत नाही असं मी सांगते, पण ‘डिस्कस अबाउट’ कोकात सापडतं, आणि मुलं लगेच म्हणतात, “सेन्सेई, आहे की!” ओळी वाचल्यावर कळतं, एखाद्या ठिकाणी ‘अबाउट’ म्हणजे ‘सुमारे’ आहे, दुसरीकडे ते ‘डिस्कस’शी नाही, आधीच्या नामाशी जोडलेलं आहे. ही छाननी शिकवायला वेळ लागतो, पण तो द्यावाच.

कोकातली वृत्तपत्री भाषा आमच्या मुलांना जड जाते. म्हणून मी मोजक्या ओळी निवडून कागदावर छापून देते. बर्मिंगहॅमला टिम जॉन्स यांनी कॉर्पसवरून शिकवण्याची ही पद्धत रुजवली तेव्हा तेही छापील कागद वाटत. कच्च्या वर्गासाठी निहोन विद्यापीठात तयार झालेला ‘स्कोअर’ हा कॉर्पस उत्तम: छोटी वाक्यं, सोबत जपानी भाषांतर.

‘अ’ आणि ‘द’ शिकवायला मात्र या ओळींचा उपयोग झाला नाही. जपानीत आर्टिकल नाहीत, मराठीतही नाहीत, त्यामुळे ही अडचण मला आतून कळते. ‘द’ का आलं याचं उत्तर बहुतेकदा दोन-तीन वाक्यं मागे असतं आणि कॉन्कॉर्डन्सची ओळ नेमकी त्याआधीच तुटते. तिथे मी अख्खा परिच्छेद देते आणि ती वस्तू पहिल्यांदा कुठे आली ते पेन्सिलने अधोरेखित करायला लावते.