यकृताचे व्रण पुसणारा काढा आणि माझे ३९,३९९ रुपये

यकृत किती कडक झाले आहे हे मोजणाऱ्या फायब्रोस्कॅन तपासणीचा आकडा १०.८ किलोपास्कल आला. यकृतातील व्रण, म्हणजे इजा भरताना उरलेले कडक वण, एफ-३ या शेवटच्या आधीच्या टप्प्याला पोहोचल्याचे सांगताना डॉक्टरांनी गोळी लिहून दिली नाही, वजन दहा टक्के उतरवायला सांगितले. चरबीमुळे होणाऱ्या या आजारावरचे पहिले औषध अमेरिकेत मंजूर झाले तेच मुळी मार्च २०२४ मध्ये. त्यामुळे ‘ॲलोपॅथीत यावर काही नाही’ हे काढा विकणाऱ्या एका तथाकथित वैद्याचे वाक्य मला पटले, आणि ते अर्धे खरे होतेही.

सल्ल्याचे ४९९, पहिल्या महिन्याच्या काढ्याचे ८,९००, तीन महिन्यांच्या ‘तीव्र कोर्स’चे २४,६०० आणि शरीरातले विष काढण्याच्या ‘शोधना’चे ५,४०० रुपये मी यूपीआयने पाठवले. जन्मभर इतरांच्या बिलांतील चुका काढणाऱ्या मी, या व्यवहारात साधे बिलही मागितले नाही. बिल मागाच.

थांबायला हवे होते ते दुसऱ्या फोनवरच. ‘बऱ्या झालेल्या’ रुग्णांचे जे अहवाल त्याने धाडले, त्यांत रक्ततपासणीतला एसजीपीटीचा आकडा ९६ वरून ३८ वर आलेला दिसत होता, पण व्रणांचे मोजमाप एकाही कागदावर नव्हते. एसजीपीटीवरून यकृताच्या पेशींना होणारी इजा कळते, व्रण किती आहेत ते कळत नाही, हे मला आठवड्यापूर्वीच समजावून सांगितले गेले होते. मी तसे विचारलेही. त्यावर ‘काका, तीन महिने एकही तपासणी करू नका, विष बाहेर पडताना आकडे वाढतातच’ असे उत्तर आले आणि मी गप्प बसलो. औषधाची खात्री असलेला माणूस तपासणीला का घाबरेल, एवढेही मला त्या रात्री सुचले नाही.

चौथ्या महिन्यात डोळे पिवळे झाले आणि एसजीपीटी २१२ वर गेला. डबीवर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटक यांपैकी काहीच छापलेले नसल्याने पोटात काय गेले हे डॉक्टरांनाही सांगता येईना. वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, हे डोक्यातून काढा. गुळवेलीमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी भारतीय डॉक्टरांनी २०२१ मध्येच प्रसिद्ध केल्या आहेत.

पोलीस ठाण्यात ‘माल मिळाला ना, मग फसवणूक कसली?’ असे ऐकवण्यात आले. औषधांच्या कार्यालयाने पक्के बिल आणि सीलबंद डबी मागितली. सील न तोडता काढा कसा प्यायचा असतो, हे मात्र तिथल्या साहेबांनी सांगितले नाही. तिसऱ्या कार्यालयाने मला पुन्हा पहिल्याकडे पाठवले. या खेपांत अकरा दिवस गेले आणि हाती एक पोचपावतीही आली नाही.

काढा बंद केल्यावर दोन महिन्यांनी एसजीपीटी ५८ वर उतरला आहे. सुजेमुळेही फायब्रोस्कॅनचा आकडा फुगतो, म्हणून ती तपासणी आणखी काही आठवडे करू नका, असे आता डॉक्टर सांगतात. फरक इतकाच की ते कारण सांगतात, आणि तारीखही लिहून देतात.